रातकिडा आधी, गवत नंतर

ज्यांना हा एपिसोड ऐकायला वेळ नाही, पण बसमध्ये उभ्या उभ्या वाचायला जमतं, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. ऑडिओत मी जरा जास्त बडबडलोय, इथे थोडं आवरतं घेतलंय.

आजचा इतिहास राजांचा नाही, लढायांचाही नाही. आजचा इतिहास आहे एका आवाजाचा. पावसाळ्यात आमच्या वाशीम जिल्ह्यात कुठल्याही गावात रात्री लाइट गेली की पंखा थांबतो, टीव्ही थांबतो आणि जो आवाज उरतो तो. किर्रर्र. रातकिडा. दिवसा सोयाबीनमध्ये पाय टाकला की पुढे टणाटण उड्या मारत पळतो तो त्याचा चुलतभाऊ, नाकतोडा.

प्रश्न साधा आहे. हा आवाज पृथ्वीवर कधीपासून आहे? आणि दुसरा प्रश्न आपल्या मातीचा: याचे पूर्वज आपल्या विदर्भाच्या दगडांत सापडतात का?

आधी घराणं समजून घेऊ. रातकिडे, नाकतोडे आणि टोळ या सगळ्यांच्या गटाला शास्त्रात ऑर्थोप्टेरा म्हणतात. ग्रीक शब्द आहे, अर्थ सरळ पंखांचे. आज जगात यांच्या २९ हजारांहून जास्त प्रजाती माहीत आहेत. घराण्याच्या दोन मोठ्या शाखा आहेत आणि त्या ओळखायला मायक्रोस्कोप लागत नाही. मिशा बघायच्या. मिशा लांब, धाग्यासारख्या असतील तर ती रातकिड्यांची शाखा. मिशा आखूड, जाडसर असतील तर नाकतोडे आणि टोळांची.

दुसरा फरक तर भन्नाट आहे. रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात. नाकतोड्याचे कान पोटाच्या बाजूला, पंखांच्या खाली. वाजवण्याची पद्धतही वेगळी. रातकिडा एक पंख दुसऱ्या पंखावर घासतो. एका पंखावर करवतीसारखे बारीक दाते, दुसऱ्यावर खरवडणारी कड. कंगव्यावर नख फिरवल्यासारखं. आवाज काढणाऱ्या बऱ्याच नाकतोड्यांचं तंत्र वेगळं आहे, ते मागचा पाय पंखावर घासतात.

म्हणजे एकाच घराण्यात हार्डवेअर दोन वेगळ्या ठिकाणी बसवलेलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता काळाचं माप. कोटी कोटी वर्षं म्हटलं की डोकं सुन्न होतं, म्हणून आपण समृद्धी महामार्ग घेऊ. नागपूरचं टोक म्हणजे आज. मुंबईकडे प्रत्येक किलोमीटर गेलो की दहा लाख वर्षं मागे. या हिशेबात आपली माणसाची जात सुमारे ३०० मीटरवर सुरू होते. म्हणजे गाडीनं अजून स्पीडही पकडला नाही, तोच आपला सगळा इतिहास संपला. महाभारत, सातवाहन, वाकाटकांची वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम, सगळं पहिल्या काही पावलांत.

पहिल्या कीटकांना भेटायचं तर थेट ४०७ किलोमीटर जावं लागतं, मराठवाड्यात. सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वी. जागा स्कॉटलंडमधलं राइनी नावाचं खेडं. १९१२ च्या सुमाराला विल्यम मॅकी नावाच्या एका डॉक्टरला तिथे शेताच्या दगडी कुंपणात विचित्र गारगोट्या दिसल्या. धुऱ्यावर रचलेले दगड असतात ना, तसे. त्या दगडांचे पातळ काप करून पाहिले तर आत गरम पाण्याच्या झऱ्यात गोठलेलं अख्खं दलदलीचं रान होतं. झाडांच्या पेशीसुद्धा दिसतात. त्यातच एक बारीकसा जबडा मिळाला. रॉबिन टिलयार्ड या शास्त्रज्ञानं १९२८ मध्ये त्याला राइनिओग्नाथा असं नाव दिलं. २००४ मध्ये काही अभ्यासकांनी म्हटलं, हा कीटक आहे आणि कदाचित पंखांचासुद्धा. मग २०१७ मध्ये दुसरे म्हणाले, हा तर गोम-पैशाच्या नातलगांपैकी असावा. वाद सुरू आहे. एका जबड्यावरून अख्खं घराणं ठरवायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

तिथून नागपूरकडे परत फिरलो की काही काळ कीटकांचा पुरावा फार विरळ आहे. आणि मग सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी अचानक पंखच पंख. उडणारे कीटक तयार होऊन समोर उभे. मधली पानं फाटलेली पोथी असते तसं. कीटकांनी उडायला सुरुवात केली तेव्हा आकाशात दुसरं कुणीच नव्हतं. पक्षी नाहीत, वटवाघळं नाहीत. उडणारे सरडेसुद्धा खूप नंतरचे.

या काळातला सगळ्यात प्रसिद्ध खजिना फ्रान्समधल्या कोमाँत्री इथल्या कोळशाच्या खाणीत मिळाला. इथेच ती प्रचंड चतुरासारखी मेगान्यूरा सापडली, पंखांची पसरण ६५ सेंटीमीटरच्या पुढे. पॅरिसच्या संग्रहालयातल्या शार्ल ब्राँन्यारनं या कीटकांचं वर्णन केलं आणि १८९३ मध्ये त्यांच्यावर मोठा ग्रंथ काढला. याच खाणीतून त्यानं ओएडिस्किया नावाचा एक कीटक जगापुढे आणला. आपल्या घराण्यातला फार जुना सभासद. मागचा पाय उडीसाठी लांबलेला. म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच उडी मारायची कला तयार होती.

आता इथे एक नाव ऐका आणि इंजिनीअरिंग केलेल्यांनी दचका. त्या खाणीचा प्रमुख कोण होता? हेन्री फायोल. हो, तोच! मॅनेजमेंटच्या पेपरला १४ तत्त्वं पाठ करायला लावणारा. माझ्या बीटेकच्या त्या पेपरमध्ये मी त्याच्यावर दोन पानं लिहिली होती, पण त्याच्या खाणीत ३० कोटी वर्षांपूर्वीचे नाकतोड्यांचे नातलग निघाले हे कुठल्याच गाइडमध्ये नव्हतं. फायोलनं खाणीतून निघणारे जीवाश्म वेचून ठेवले आणि अभ्यासकांपर्यंत पोचवले. खाण सगळीकडे असते हो. कोळसा काढताना दगडाकडे बघणारा माणूस सगळीकडे नसतो. कोमाँत्री जगाच्या नकाशावर आलं ते या एका फरकामुळे.

तेव्हा आपला विदर्भ काय करत होता? थंडीनं गारठला होता. आपली जमीन तेव्हा गोंडवन नावाच्या महाखंडात, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती आणि भारताच्या बऱ्याच भागावर बर्फ होतं. बर्फ हटलं आणि दलदलीची रानं उगवली. ग्लोसोप्टेरिस नावाची जिभेच्या आकाराच्या पानांची झाडं. तीच गाडली जाऊन चंद्रपूर, वणी, उमरेडचा कोळसा झाला. म्हणजे उन्हाळ्यात तुमचा कूलर चालवणारी वीज याच पानांची. भारतातल्या अशा जुन्या पानांवर अभ्यासकांना कडेनं कुरतडल्याच्या, भोकं पाडल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. खाणारा मिळाला नाही, पण जेवण झालेलं ताट मिळालं. कोण जेवलं ते ताटावर लिहिलेलं नाही. पण रानात किडे होते, पानं खात होते, हे नक्की.

आता आवाजाकडे येऊ.

फ्रान्समध्येच लिएव्हाँ इथे सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचा एक पंख मिळाला, २०२१ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. नाव थियाटायटन. हा टायटॅनोप्टेरा नावाच्या गटातला, म्हणजे नाकतोड्यांच्या घराण्याचे अवाढव्य भाऊबंद. त्यांच्यातला किर्गिझस्तानात मिळालेला गिगाटायटन पंख पसरून जवळपास ४० सेंटीमीटर भरायचा. थियाटायटनच्या पंखावर शिरांची अशी खास रचना आहे की तो पंखांनी कडकड आवाज काढत असावा किंवा उजेडाचे झोत चमकवत असावा, असं अभ्यासक म्हणतात. दोन्हीपैकी काहीही असो, पंख फक्त उडायला नव्हता. पंखानं निरोप जात होता.

मग २५ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा संहार झाला. समुद्रातले बहुतेक जीव गेले. कीटकांचीही कित्येक घराणी कायमची बंद झाली. आपले सरळपंखी मात्र पलीकडे पोचले.

आणि मग सुमारे १६५ किलोमीटरवर, म्हणजे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वी, चीनच्या इनर मंगोलियात एक कीटक गाळात दबला. आर्काबॉइलस म्युझिकस. त्याचे पंख इतके नीट टिकले की वाजवायचे दातेसुद्धा मोजता आले. २०१२ मध्ये चिनी, ब्रिटिश आणि अमेरिकी अभ्यासकांच्या टीमनं आजच्या जिवंत नातलगांशी तुलना करून हिशेब मांडला आणि त्याचा आवाज पुन्हा तयार केला. एकच शुद्ध सूर, ६.४ किलोहर्ट्झ. माणसाच्या कानाला आरामात ऐकू येणारा. डायनोसॉर ज्या रात्री ऐकत होते त्या रात्रीचं ऑडिओ आज तुमच्या फोनवर वाजू शकतं. मी हेडफोन लावून ऐकलं. अंगावर काटा आला, कारण तो आवाज अनोळखी वाटतच नाही.

आता त्या दोन कानांकडे परत या. २०२० मध्ये या संपूर्ण घराण्याच्या जनुकांवर एक मोठा अभ्यास आला. त्याचा निष्कर्ष असा: रातकिड्यांच्या शाखेत पायावरचा कान आणि पंखावरचं वाद्य हे जोडीनं घडत गेले. बोलणारा आणि ऐकणारा एकाच वेळी तयार झाला. नाकतोड्यांचं उलटं. त्यांच्यात पोटावरचा कान आधी आला, बोलणं नंतर. म्हणजे सुरुवातीला तो कान प्रियेची साद ऐकायला नव्हता. बहुधा शिकारी येतोय का, ते कळायला असावा. भीतीसाठी बनवलेला कान पुढे प्रेमासाठी वापरात आला. जुनं कोड नव्या कामाला लावणं हे फक्त आमच्या ऑफिसात चालत नाही तर!

आता दुसरा प्रश्न. आपल्या दगडांत काय आहे?

विदर्भात या गोष्टीची सुरुवात दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी केली, स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज नागपुरात आहे, तेच हिस्लॉप. १८५० च्या दशकात हे दोघं नागपूरच्या आजूबाजूला दगड फोडत फिरायचे. सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे, तिथल्या चुनखडीत जुने मासे मिळाले. त्याच कोटा थरांतून पुढे ज्युरासिक काळातली झुरळं, भुंगेरे असे कीटकही नोंदले गेले. आणि नागपूरच्या टाकळीजवळ, जी आज शहरातच जमा आहे, लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये सापडलेल्या जुन्या तळ्याच्या गाळात त्यांना शंख, बिया, फळं आणि कीटकांचे तुकडे मिळाले. ते तुकडे लंडनला गेले. अँड्र्यू मरे या कीटकतज्ज्ञानं १८६० मध्ये त्यांच्यावर निबंध छापला. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून गेले. वय जेमतेम ४५.

मरेच्या निबंधात काय होतं? भुंगेरे. त्यांचे टणक पुढचे पंख. त्यात नाकतोडा नाही, रातकिडा नाही.

मग आपल्याकडे तेव्हा नाकतोडे नव्हतेच का? इथे थांबा. हा या एपिसोडचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. भुंगेऱ्याचा पंख म्हणजे टरफल, डबीच्या झाकणासारखं. तळ्यात पडला, गाळात दबला, टिकला. नाकतोड्याचं अंग मऊ, पंख कागदासारखे, आणि मेल्या मेल्या मुंग्या ओढून नेतात. दगडात जे उरतं ती त्या काळाची जनगणना नसते. टिकाऊ लोकांचीच ती यादी असते. आमच्या कामात सर्व्हरच्या लॉगमध्ये एखादी गोष्ट दिसली नाही तर नवीन मुलगा म्हणतो, ती घडलीच नाही. सिनिअर विचारतो, ती लिहून ठेवायची सोय होती का? आपल्या दगडांना हाच प्रश्न विचारायचा.

सोय कशी असते ते गुजरातेत दिसतं. सुरतजवळ वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा राळेचा दगड, म्हणजे अंबर मिळतो. २०१० मध्ये त्यावर निबंध आला. झाडाच्या चिकात अडकलेले सातशेहून जास्त छोटे जीव, कीटकांचे १४ गट. मऊ अंगाचे, नाजूक पंखांचे. चीक मिळाला की यादी बदलते.

आता आपल्या पायाखाली बघा. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सहाही तालुके दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर. आज त्याचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, झाडं आली, बेडूक आले, मग पुन्हा लाव्हा. आपल्याकडे विहीर खणताना काळ्या दगडात मध्येच तांबड्या मातीचा पट्टा लागतो, तो या मधल्या सुट्टीचा असतो. कुठे कुठे त्याच जागी पांढरट, हिरवट गाळाचा किंवा गारेचा थर असतो. जीवाश्म मिळतात ते त्यात.

आणि आता चंद्रपूर जिल्ह्यातलं वरोऱ्याकडचं पिसदुरा गाव. तिथे डायनोसॉरचं शेण मिळतं, दगड झालेलं. २००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शेणात काय शोधलं? गवत. गवताच्या पेशीत वाळूसारखे बारीक कण असतात, ते शेणातही टिकतात. त्यात बांबूच्या आणि भाताच्या नातलगांच्याही खुणा होत्या. तोपर्यंत पुस्तकं सांगायची की डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच. ती पुस्तकं विदर्भातल्या शेणानं बदलली!

आता हिशेब जुळवा. रातकिड्यांची शाखा ३० कोटी वर्षांच्या आसपासची. आपल्याकडच्या गवताचा पुरावा ६.६ कोटींच्या आगेमागे. आणि आपल्या सोयाबीनमधले बहुतेक नाकतोडे, टोळसुद्धा, ज्या कुळातले आहेत ते अ‍ॅक्रिडिडी कूळ जनुकांच्या हिशेबानं फक्त ५.९ कोटी वर्षांचं, तेही दक्षिण अमेरिकेत सुरू झालेलं. म्हणजे किर्रर्र आवाज आधी, मग गवत, मग आपला काळा दगड आणि शेवटी आजचा नाकतोडा. धुऱ्यावर उडणारा प्राणी त्या धुऱ्याच्या दगडापेक्षा वयानं लहान आणि रात्री त्याच दगडाच्या फटीत वाजणाऱ्याचं घराणं त्याच्यापेक्षा कितीतरी म्हातारं. पुढे मोकळी गवताळ रानं पसरली. आपल्या कारंजा-सोहोळच्या काळविटांच्या माळासारखी. भारतीय उपखंडात अशा उन्हाळी गवतांचा मोठा पसारा ७०-८० लाख वर्षांपूर्वीचा. नाकतोड्यांना मग अंगण मिळालं.

याच तरुण कुळातला वाळवंटी टोळ मे २०२० मध्ये मध्य प्रदेशातून अमरावतीत उतरला, मग वर्धा, नागपूरकडे काटोलपर्यंत गेला. लॉकडाऊनमध्ये लोक शेतात डबे बडवत होते, आठवतं? याच जातीचे थवे ऑक्टोबर १९८८ मध्ये आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर पोचले होते. दक्षिण अमेरिकेत उगम पावलेलं कूळ जगभर कसं पसरलं, याचं उत्तर असं कधी कधी डोळ्यांदेखत मिळतं.

मग काहून सांगतोय हे सगळं? कारण आपल्या जिल्ह्यातून सध्या जमीन जोरात खणली जातेय. समृद्धी झाला, खदानी वाढल्या, शेततळी झाली, विहिरी तर सुरूच आहेत. प्रत्येक पोकलँड काही कोटी वर्षं उघडतो आणि संध्याकाळपर्यंत त्याची गिट्टी होते. टाकळीचं तळं नागपूर शहराखाली गेलं. तिथला पुढचा पंख आता मिळणं अवघड. विदर्भाच्या जुन्या तळ्यातला रातकिडा कुठल्यातरी पांढरट थरात असेल, तर तो शास्त्रज्ञाच्या आधी खदानीवरच्या मजुराला, शेतकऱ्याला किंवा त्याच्या फोनवाल्या मुलाला दिसणार आहे. कोमाँत्रीत फायोल होता. इथे तुम्ही आहात.

त्यामुळे एवढंच करा. काळ्या दगडांच्या मध्ये गाळाचा, पानापानांसारखा सुटणारा थर दिसला, त्यात शंख, पान, काडी, पंखाची जाळी दिसली, तर तो फोडू नका. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, लोकेशन जतन करा आणि जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवा. दगड जागेवरून हलला की त्याची अर्धी गोष्ट जाते. आणि चालू खदानीत परवानगीशिवाय उतरू नका, तेवढं तारतम्य ठेवा.

पुढच्या एपिसोडमध्ये आपण याच लाव्ह्याकडे जाऊ. तो आला कुठून आणि डायनोसॉरच्या मरणात त्याचा हात किती? हा एपिसोड आवडला तर गावच्या ग्रुपवर टाका, खास करून ज्यांच्याकडे यंदा विहिरीचं काम निघालंय त्यांना. भेटू लवकरच. राम राम!